खाटेसाठी लाइन क्लिअर

“कोनती गाडी?” तेलगोटेंनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“गाडी नाही म्हटलं ना. खाट.”

“खाट?”

“खाट. चार पायांची, सुंभाची. तिच्यावर बाई आहे.”

मग तेलगोटे अगदी हळू आवाजात म्हणाले, “पुंडकर, सकाळी सकाळी घेतली काय?”

मी घेत नव्हतो. तेव्हाही नाही आणि नंतरच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीतही नाही. सेक्शनवर माझी ख्याती होती ती नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा माणूस म्हणून, आणि ती अगदीच खोटी नव्हती. १९८३ साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि हिरडापाणी नावाच्या स्टेशनावर सहायक स्टेशनमास्तर होतो. थोरले मास्तर मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले होते, त्यामुळे चार दिवस स्टेशनचा राजा मीच होतो. राज्यात एक सिग्नलची खोली, एक हापसा, दोन बाकडी, सहा माणसं आणि भोवती सातही दिशांनी सातपुड्याचं जंगल. दिशा आठ असतात हे मला माहीत आहे. आठव्या दिशेला लाइन होती.

लाइन मीटरगेजची, एकेरी. लोक ती बघायला लांबून येत. हिरडापाणी ते लोहारबर्डी अकरा किलोमीटर, त्यात नदीवरचा लांब पूल, एक बोगदा आणि एक वळण असं की शेवटच्या डब्यातल्या माणसाला खालच्या अंगाला आपलंच एंजिन दिसावं. शहरातली मंडळी खिडकीला नाक लावून ‘अहाहा’ करत. आम्हाला त्या देखाव्याचं काही वाटत नसे. आमच्या डोळ्यांसमोर सदैव गोळा असे.

गोळा म्हणजे लोखंडाचा, संत्र्याएवढा. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांच्या दोन यंत्रांत असे गोळे भरलेले असतात. मला गाडी सोडायची असेल तर मी तेलगोटेंना फोन करून लाइन क्लिअर मागायची, त्यांनी त्यांच्या यंत्रावरून मोकळीक द्यायची, मग माझ्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडतो. तो वेताच्या कड्याला लटकवलेल्या चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तो गोळा पलीकडच्या यंत्रात जाऊन पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. म्हणजे ज्याच्या गळ्यात कडं, त्याची अकरा किलोमीटर लाइन. मग तो वाघ असला तरी.

तेलगोटे लोहारबर्डीचे मास्तर. आम्ही दिवसातून दहा वेळा फोनवर बोलायचो, त्यातल्या आठ वेळा भांडायचो. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं.

“बाईला अस्वलानं धरलंय,” मी सांगितलं. “सुकलालची बायको, सुगरती. उजवा हात कोपराखाली पार चावून काढलाय. लोहारबर्डीपर्यंत आणली तर पुढे तुमच्याकडून सडक आहे, जीप आहे. इथून पायवाटेनं नेता येत नाही, नदीला पूर आहे. पूल फक्त आपला आहे.”

“अन् माह्याकडं कोन उभं हाये, मालूम हाये नं तुमाले?”

मला माहीत होतं. मोठ्या साहेबांचा सलून, म्हणजे दौऱ्याचा खास डबा, पावणेदहापासून लोहारबर्डीच्या फलाटाला लागून उभा होता. आमच्या पलीकडे चार किलोमीटरवर पावसानं रुळांखालची भर वाहून नेली होती. तीन दिवस सगळ्या गाड्या बंद होत्या आणि कंट्रोलचा फोनही मेला होता. ती वाहून गेलेली भर तपासायला साहेब येत होते. सोबत साहेबांचे साडू आणि त्यांची मंडळी होती. भर तपासायला साडू कशाला लागतात हे विचारण्याची आमची पायरी नव्हती.

साहेबांच्या दौऱ्याचा कार्यक्रम टाइप होऊन आधीच आला होता. तो मी भिंतीवर लावला होता. दहाला लोहारबर्डी सोडणे. सव्वादहाला पूल, फोटोसाठी वीस मिनिटे. मग बोगद्याचे तोंड, फोटो. मग दरीचे वळण, चहा. बाराला हिरडापाणी, पाहणी आणि जेवण. साडेतीनला परत. जेवणासाठी दोन कोंबडे मी वजनकाट्याच्या पायाला बांधून ठेवले होते आणि ते सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

आता हिशेब सरळ होता. एकदा गोळा सलूनला दिला की लाइन दुपारी बारापर्यंत त्यांची. पुलावर फोटो काढायला उभ्या असलेल्या गाडीसमोर खाट नेता येत नाही आणि बोगद्यात गाडी आली तर खाटेला बाजूला व्हायला जागा नाही. म्हणजे सुगरतीनं दोन तास माझ्या फलाटावर पडून राहायचं आणि मग निघायचं. नाहीतर लाइन आधी खाटेला द्यायची आणि साहेबांना तीन तास लोहारबर्डीला बसवून ठेवायचं. स्टेशनची ढकलट्रॉली असती तर प्रश्नच नव्हता, पण ती मिस्त्री घेऊन गेले होते आणि वाहून गेलेल्या जागेच्या पलीकडे अडकले होते.

सुकलाल कासदेकर आमचा पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारा. कोरकू, चाळिशीचा, बोलायला कमी. रात्रपाळी करून घरी गेला होता आणि तासाभरात सात जणांसह खाट खांद्यावर घेऊन परत आला. सुगरती शुद्धीवर होती. एवढंच नव्हे, खाट वाकडी धरली म्हणून ती पुढच्या दोघांना शिव्या देत होती. माझी दोन वेळची भाकर तीच करून आणायची. बांबूचे कोवळे कोंब आणायला पहाटे गेली, तिथंच अस्वल होतं.

मला पाहून ती म्हणाली, “मास्तर, आज कोंबाची भाजी नाई भेटत तुमाले.”

माझ्याकडे प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट होतं. मी हिरवी झेंडी फाडली आणि तिच्या दंडावर आवळून बांधली. लाल झेंडी फाडता येत नव्हती, ती ड्यूटीवर लागते. रक्त थांबलं. दर पाव तासानं सैल करा आणि पुन्हा बांधा, मी सुकलालला बजावलं. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं. “तारेचे पंधरा खांब झाले की एकदा,” मी सांगितलं. मी भराभर सांगत होतो, सगळ्यांना, एकाच वेळी. कोण कुठं धरेल, पुलावर कोण पुढे राहील, बोगद्यात बत्ती कोण नेईल. कोरकू माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मग मी आत जाऊन फोन उचलला होता.

“ट्रॉलीले गोळा देता येते,” तेलगोटे विचार करत म्हणाले. “खाटेले देता येते का नाई, ते मले सांगा तुमी. पुस्तक तुमच्याच घरी असते.”

“पुस्तकात खाटेला मनाई नाही.”

“चाकं हायेत काय तिले?”

“नाहीत.”

“मंग ते वाहन कसं होते?”

“सोळा पायांवर चालतेय. लाइनवरून चालतेय. लाइन अडवतेय. म्हणजे गाडीच.”

तेलगोटे खोकले. त्यांच्या मागे कुणीतरी बाई मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं, बहुधा साडूंची मंडळी. “साहेब भाईर खुर्ची टाकून बसले हायेत,” ते पुटपुटले. “चहा झाला की निघतो म्हनतात. दहा पावलं दूर हायेत माह्यापासून. त्याईले काय सांगू मी?”

“यंत्र अडकलंय म्हणून सांगा,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो. दोन वर्षांच्या नोकरीत यंत्राविषयी एक खोटा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. यंत्राबद्दल खोटं बोलणं म्हणजे आमच्या खात्यात गाईबद्दल खोटं बोलण्यासारखं.

“पुंडकर, नोकरी जाईन.”

“माझी जाईल. तुम्ही म्हणा, हिरडापाणीचं यंत्र अडकलं. माझ्यावर घाला.”

“मले तीन पोरी हायेत बाप्पा.”

“मला भाऊ आहेत तीन. सगळे शिकतायत.”

मी यंत्राकडे बघत उभा राहिलो. बाहेर सुगरतीचा आवाज येईनासा झाला होता आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं.

मग यंत्राची घंटा वाजली. तेलगोटेंनी मोकळीक दिली होती. मी मूठ फिरवली आणि गोळा माझ्या तळहातात पडला. त्या गोळ्याला इतकं वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं.

रजिस्टर भरल्याशिवाय गोळा देता येत नाही. मी रजिस्टर भरलं. गाडीचा प्रकार: खाट. एंजिन नंबर: आडवी रेघ. ड्रायव्हरचं नाव: सुकलाल कासदेकर. डबे: एक. सुटण्याची वेळ: नऊ पंचावन्न. मग मी बाहेर येऊन कडं सुकलालच्या गळ्यात घातलं, सिग्नल पाडला आणि उरलेली अर्धी हिरवी झेंडी दाखवली. पाऊस भुरभुरत होता. आठ माणसं खाट घेऊन सिग्नलखालून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. सिग्नल मी परत वर केला. एखादी पॅसेंजर सोडावी तसं सगळं यथासांग झालं.

पुढचे तीन तास मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोलू? फलाटावर येरझारा घालताना मी मनातल्या मनात चौकशीची उत्तरं पाठ करत होतो आणि प्रत्येक उत्तराला मनातला साहेब निरुत्तर होत होता. नोकरी गेली तर गेली, अकोल्याला परत जाऊन शिकवण्या करू. आई काय म्हणेल, तेही मी ठरवून टाकलं होतं.

साडेदहाला तेलगोटेंचा फोन आला.

“साहेबाले सांगतलं. यंत्र अडकलं म्हनून.”

“काय म्हणाले?”

“मनले, किती वेळ? मी म्हनलं, हिरडापाणीवाला पोरगा नवा हाये, उघडून पाहून रायला. मनले, ठीक आहे. पत्ते काढले त्याईनं.”

“रागावले?”

“नाई. पन सलूनचा खानसामा रागावला हाये. एंजिनवाला बी रागावला हाये, वाफ धरून उभा हाये तो पहाटपासून.”

सव्वाअकराला पुन्हा फोन आला. साडूंची मुलं फलाटावर क्रिकेट खेळत होती आणि चेंडू सिग्नलच्या तारांत गेला होता. बाराला फोन आला तेव्हा साहेबांनी विचारलं होतं की अडकलेलं यंत्र पाहायला आपण स्वतःच हिरडापाणीला पायी जाऊ का. तेलगोटेंनी त्यांना पुरात पूल निसरडा असल्याचं सांगून थोपवलं होतं. साडेबाराला तेलगोटे नुसते म्हणाले, “अजून नाई दिसत.” मी म्हणालो, “बोगद्यात असतील.” ते म्हणाले, “हो, बोगद्यातच असतीन.” त्या दिवशी आम्ही एकदाही भांडलो नाही.

एक वाजून सात मिनिटांनी माझ्या यंत्राची घंटा वाजली. गोळा लोहारबर्डीच्या यंत्रात पडला होता. लगेच फोन आला.

“आली तुमची खाट,” तेलगोटे म्हणाले. त्यांचा आवाज भलताच जड झाला होता. “जित्ती हाये बाई.”

मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून बरं.

“साहेब?”

“साहेबानं पाह्यलं पुंडकर. सिग्नलजवळ वळनावरून आठ मानसं आली खाट घेऊन, अन् समोरच्याच्या गळ्यात कडं. साहेबाच्या हातात पत्ते. उभे रायले. माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, साहेब, मी सांगतो. मनले, नंतर. अन् पत्ते खाली टाकून स्वतः खाटेले हात लावला बाप्पा त्याईनं. सलूनमंदी नेऊन साडूच्या बिछान्यावर निजवली तिले. अन् तसेच निघाले जंक्शनले, रेल्वेच्या दवाखान्यात. थांबले बी नाई. क्रिकेटचा चेंडू तारांमंदीच राह्यला पोराईचा.”

कोंबडे वजनकाट्याला बांधलेले तसेच होते. मी त्यांना सोडून दिलं. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता आणि तो वाटून घ्यायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

सुगरती वाचली. हात गेला, कोपराच्या जरासा खाली. सुकलाल पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा त्यानं मला डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, कारण दवाखान्यात त्याला दुसरं काही काम नव्हतं. “डाक्टर मनला, बांधलं बरोबर होतं. बांधलं म्हून जीव राह्यला. मनला, दोन घंटे अगोदर आनली असती तं हात बी राह्यला असता.”

“दोन तास,” मी म्हणालो. “अकरा किलोमीटर होते. तुम्ही उडत थोडेच येणार होता?”

सुकलाल म्हणाला, “हो.”

चौकशी पावणेदोन महिन्यांनी झाली. मी आणि तेलगोटे विभागीय कचेरीच्या व्हरांड्यात पहिल्यांदा एकमेकांना भेटलो. फोनवरच्या आवाजावरून मी त्यांना सहा फुटी समजत होतो. ते माझ्या खांद्याला लागत होते. दोघांनीही इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि दोघांच्याही खिशात आपापल्या चुकीची लेखी कबुली होती. ती मी चार वेळा पुन्हा लिहिली होती, शेवटच्या वेळी तर बरीच सुंदर झाली होती.

साहेब मराठीच होते, पण कचेरीत मराठी क्वचित बोलत. त्या दिवशी बोलले. समोर माझं रजिस्टर उघडं होतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“एंजिन नंबर, आडवी रेघ,” ते म्हणाले. “असं रजिस्टर मी आयुष्यात पाहिलं नाही.”

तेलगोटेंनी डोळे मिटले होते.

“शिक्षा करणार नाहीये मी,” साहेब म्हणाले. “लाइन सुरक्षित ठेवलीत. गोळ्याशिवाय कुणी गेलं नाही. माझ्याशी खोटं बोललात, ते मी सोडून देतो. धाडस लागतं याला. मी वर तसं लिहिणारही आहे.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “फक्त एक सांगा मला. तुम्ही दोघंही. माझं एंजिन वाफ धरून उभं होतं. लोहारबर्डीहून हिरडापाणी पस्तीस मिनिटं. बाईला घेऊन परत पस्तीस मिनिटं. अकराला ती लोहारबर्डीत असती. तिला तीन तास पुलावरून खांद्यावर का आणलीत? मला का नाही सांगितलं?”

तेलगोटेंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

आम्ही नियम मोडायचा ठरवला होता. नोकरी घालवायची ठरवली होती. यंत्राबद्दल खोटं बोललो होतो. खाटेला गाडी केलं होतं. हे सगळं आम्हाला दहा मिनिटांत सुचलं होतं. फोन तेलगोटेंच्या हातात होता आणि साहेब दहा पावलांवर चहा पीत होते. साहेबांना जाऊन सांगावं की साहेब, तुमची गाडी पाठवा, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. सुचून आम्ही घाबरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. घाबरायचीही वेळ आली नाही.

“पुंडकर?” साहेब म्हणाले.

“तुमचा कार्यक्रम आला होता, साहेब,” मी म्हणालो. “बाराला हिरडापाणी. साडेतीनला परत. असं टाइप केलेलं होतं.”

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझी थट्टा करतोय का हा, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाहीये. त्यांनी आम्हाला जायला सांगितलं.

डिसेंबरात मला प्रशस्तिपत्र आलं, ‘असामान्य प्रसंगावधान दाखविल्याबद्दल’. तेलगोटेंनाही आलं. त्यांनी ते ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. माझं पुढे बायकोनं चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं, आजही तिथंच आहे. पाहुणे विचारतात. ती गोष्ट सांगते, चौकशीच्या आधीपर्यंतची. तिला तेवढीच माहीत आहे.

हिरडापाणीत तर माझा देवच झाला. ‘मास्तरनं साहेबाची गाडी रोखली’ असं पाड्यापाड्यांवर सांगत. माझ्या क्वार्टरच्या दारात मोहाची फुलं, मध, एकदा जिवंत ससा येऊन पडला. सुगरती दोन महिन्यांत उठली आणि डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. पहिल्या भाकरी नकाशासारख्या व्हायच्या. गाड्या सुरू झाल्यावर ती फलाटावर जांभळं विकायला बसे आणि गाडीतल्या प्रत्येक शहरी माणसाला, त्यानं विचारलं नाही तरी, आपला थोटा हात दाखवून सांगे की हा जो मास्तर उभा आहे ना, त्यानं माझ्यासाठी मोठ्या साहेबाला तीन घंटे बसवून ठेवलं. ते ऐकताना मी सिग्नलच्या खोलीत जाऊन बसायचो. माझी भाकर तीच आणून द्यायची. मी खायचो.

दीड वर्षानं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या झोपडीत गेलो. सुगरती ओट्यावर बसली होती, टोपली पायात धरून डाव्या हातानं बांबूच्या कामट्या ओढत होती. सुकलाल माझी ट्रंक न्यायला निघायच्या तयारीत होता. मी ठरवून गेलो होतो. इतके दिवस भाकर खाल्ली होती, आता न सांगता गेलो असतो तर ती अंगाला लागली नसती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. की त्या दिवशी साहेबाची गाडी बोलावून घेता आली असती. की ती आली असती, साहेबानं स्वतः तसं सांगितलं. अकराला तू लोहारबर्डीत असतीस. डॉक्टर म्हणाला ते दोन तास मी घालवले. हात माझ्यामुळे गेला. मला सुचलंच नाही.

सुगरतीचा हात थांबला नाही. कामटी ओढून झाली, तिनं दुसरी घेतली.

“मालूम हाये,” ती म्हणाली.

“काय मालूम आहे?”

“गाडीचं. यानं तवाच सांगतलं मले.” तिनं मानेनं सुकलालकडे दाखवलं. “पुलावर. मनला, साहेबाची गाडी येऊन नेती तं बेस झालं असतं. ठेसनावरच मनात आलं होतं त्याच्या.”

मी सुकलालकडे वळलो. तो जमिनीकडे बघत होता.

“स्टेशनवर?” मी म्हणालो. “खाट उचलायच्या आधी?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं पाय हलवले. त्या सकाळी त्यानं तोंड उघडलं होतं का, हे मी आठवून पाहिलं. मला त्याचा चेहराच आठवेना. आठवत होतो तो मीच, भराभर सांगत असलेला, कोण कुठं धरेल आणि बत्ती कोण नेईल.

“तुमी मास्तर,” सुकलाल म्हणाला.

मला राग आला. आजही लाज वाटते, पण त्या क्षणी रागच आला, त्याच्यावर. “अरे, मग काय झालं? एका शब्दाचं काम होतं. मी काय तुला खाल्लं असतं?”

सुगरतीनं टोपली पायातून सोडली आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

“अन् तुमाले साहेबानं?” तिनं विचारलं.

गाडी यायची वेळ झाली होती. सुकलालनं ट्रंक डोक्यावर घेतली. दे इकडे, मी नेतो, असं मी म्हणालो, पण त्यानं ती दिली नाही.